घरच्या बॅकअपसाठी आणि टीव्हीवर जुन्या चित्रफिती पाहण्यासाठी नॅस: सल्ला हवा आहे

कर्वेनगरकर (धागाकर्ता)

नमस्कार.

गेल्या महिन्यात माझी बाह्य हार्ड डिस्क टेबलावरून फरशीवर पडली. तेव्हापासून ती लॅपटॉपला जोडली की नुसती टक्-टक् ऐकू येते, फाइली काही दिसत नाहीत. तिच्यातले बरेचसे साहित्य सुदैवाने इतरत्र होते. मात्र २०१४ ते २०१६ या काळातील, म्हणजे मुलीच्या पहिल्या दोन वर्षांतील छायाचित्रे फक्त तिच्यातच होती. डेटा परत मिळवून देणाऱ्या दुकानात डिस्क उघडण्याआधीच जी रक्कम सांगण्यात आली, तेवढ्यात दोन डिस्कचे नवे नॅस (घरच्या नेटवर्कला जोडलेला, सर्व यंत्रांना वापरता येणारा डिस्कचा डबा) आले असते, आणि एवढे करूनही यशाची हमी नव्हतीच. म्हणून आता घरात नॅस घ्यावे असे ठरत आले आहे. पण पैसे घालण्यापूर्वी इथल्या जाणकारांचे मत विचारावे म्हणून हा धागा काढत आहे.

घरातील परिस्थिती अशी आहे. एक विंडोजचा आणि एक ॲपलचा लॅपटॉप, तीन फोन आणि दिवाणखान्यात अँड्रॉइड टीव्ही. वडिलांनी १९९९ ते २००७ या काळात हँडीकॅमवर चित्रित केलेल्या २३ मिनीडीव्ही कॅसेट मी टाळेबंदीत फायरवायरच्या केबलने संगणकावर उतरवून घेतल्या. एका तासाच्या कॅसेटला साधारण १३ जीबी लागतात, म्हणजे त्यांचेच ३०० जीबी झाले. आजोबांच्या कीर्तनांच्या ऑडिओ कॅसेट, घराच्या कागदपत्रांचे स्कॅन आणि फोनमधील छायाचित्रे धरून सगळा पसारा १.८ टीबीच्या घरात जातो. गूगल फोटोजने १ जून २०२१ पासून अमर्याद मोफत साठवण बंद केल्यावर काही काळ दरमहा पैसे भरून पाहिले, परंतु एवढे सगळे तिथे ठेवणे परवडत नाही आणि मनालाही पटत नाही.

माझ्या मनात दोन डिस्कचे नॅस आहे: दोन्ही डिस्क ४ टीबीच्या, आणि एकीवर लिहिले ते आपोआप दुसरीवरही लिहिले जाईल अशी मांडणी. एक डिस्क गेली तरी दुसरी असेल, म्हणजे बॅकअपचा प्रश्न कायमचा सुटला, असे मी धरून चाललो आहे. हे बरोबर आहे ना? दुसरे असे की, त्या जुन्या चित्रफिती टीव्हीवर थेट लागतील का? आणि तिसरे, एका सहकाऱ्याचे जुने नॅस आठवडाभर आणून पाहिले, तेव्हा फाइली उतरवण्याचा वेग काही केल्या सेकंदाला ११ एमबीच्या वर जाईना. हा नॅसच्या वयाचा परिणाम आहे की माझ्याच घरात काही चुकते आहे?

सर्व्हरवाला

पहिल्या प्रश्नाचे उत्तर "नाही" असे आहे, आणि ते पैसे घालण्याच्या आधी कळणे बरे.

तुम्ही जी मांडणी सांगता तिला रेड-१ म्हणतात. एक डिस्क बंद पडली तरी यंत्र चालू राहावे, दुसरी आणून बसवेपर्यंत काम अडू नये, एवढ्यासाठी ती आहे. तिचा स्वभाव लक्षात घ्या: जे एका डिस्कवर होते तेच त्याच क्षणी दुसरीवर होते, मग ते चांगले असो वा वाईट. आमच्या घरी टीव्हीवर कार्टून साठवायला जागा हवी म्हणून चिरंजीवांनी "गोवा २०१८" हा फोल्डर पुसला, तेव्हा दोन्ही डिस्कनी तो अत्यंत आज्ञाधारकपणे पुसला. खंडणीखोर व्हायरसने फाइली कुलूपबंद केल्या तर त्या दोन्हींवर कुलूपबंद होतात. चोराने डबा उचलून नेला तर दोन्ही जातात. विजेचा मोठा झटका आला तर दोन्ही एकाच पॉवर सप्लायवर असतात.

आमचा गोव्याचा फोल्डर परत मिळाला तो स्नॅपशॉटमुळे. नॅस घेताना त्यात बीटीआरएफएस किंवा झेडएफएस यांपैकी एक फाइल-व्यवस्था आहे का, हे अवश्य पाहा. या व्यवस्थांमध्ये स्नॅपशॉट घेतला की त्या क्षणीचे डिस्कवरील तुकडे जागच्या जागी राखले जातात. पुढे फाइल बदलली तर बदललेला तुकडा नवीन जागी लिहिला जातो आणि जुन्याला हात लागत नाही. त्यामुळे स्नॅपशॉट घेताना जवळजवळ जागा लागत नाही, जागा लागते ती नंतर झालेल्या बदलांना. मी रोज रात्री एक घेतो आणि तीस दिवसांचे ठेवतो. या दोन्ही व्यवस्थांचा दुसरा फायदा असा की त्या प्रत्येक तुकड्यासोबत त्याची पडताळणी-संख्या लिहून ठेवतात, त्यामुळे वर्षानुवर्षे न उघडलेल्या फाइलीत एखादा बिट आपोआप बिघडला तर तो ओळखू येतो, आणि रेड-१ असेल तर दुसऱ्या डिस्कवरील चांगल्या प्रतीवरून दुरुस्तही होतो. महिन्यातून एकदा ही तपासणी लावून ठेवा; तिला स्क्रब म्हणतात.

तथापि स्नॅपशॉटही त्याच डिस्कवर असतात, म्हणून तेही बॅकअप नव्हेत. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला तीन-दोन-एकचा नियम तुम्ही ऐकला असेल: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यांपैकी एक घराबाहेर. लोक त्यात एक चूक हमखास करतात. नॅस आले की लॅपटॉपवरील छायाचित्रे तिकडे हलवतात आणि लॅपटॉपवरची जागा मोकळी झाली म्हणून खूश होतात. त्या क्षणी नॅस हा बॅकअप राहत नाही, तीच मूळ आणि एकमेव प्रत होते. तुमच्या २३ कॅसेटचे ३०० जीबी जर फक्त नॅसवर असतील, तर तुम्ही पडलेल्या डिस्कच्या जागी महागडी डिस्क आणली, एवढेच.

म्हणून माझा सल्ला असा: नॅसच्या खर्चातच ४ टीबीच्या दोन साध्या बाह्य डिस्क धरा. एक नॅसच्या मागे यूएसबीला लावा आणि दर रविवारी रात्री तिच्यावर बॅकअप होईल असे करा; दुसरी नातेवाइकांकडे ठेवा आणि तीन-चार महिन्यांनी अदलाबदल करा. पैसे कमी पडले तर नॅसमध्ये एकच डिस्क घाला आणि रेड-१ पुढच्या वर्षी करा, पण या दोन बाहेरच्या डिस्क सोडू नका.

नॅसमधील डिस्क घेताना वेष्टनावर नव्हे, तर उत्पादकाच्या माहितीपत्रकात ती सीएमआर आहे की एसएमआर हे पाहा, आणि सीएमआरच घ्या. एसएमआर डिस्कवर डेटाच्या रांगा कौलांसारख्या एकमेकींवर थोड्या चढवलेल्या असतात, त्यामुळे तेवढ्याच जागेत जास्त मावते. पण मधले एक कौल बदलायचे तर वरची उचलावी लागतात, तसेच तिथे एक तुकडा बदलायला शेजारच्या रांगा पुन्हा लिहाव्या लागतात. वाचायला काही अडचण नाही, मात्र एक डिस्क बदलून दुसरीवरून पूर्ण प्रत तयार करताना ती फार रेंगाळते. २०२० साली नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही डिस्क प्रत्यक्षात एसएमआर असल्याचे उघड झाले आणि त्यावरून बराच गदारोळ झाला. आणि हो, ४ टीबीची डिस्क विंडोजवर ३.६३ टीबी दिसेल. दुकानदाराशी भांडू नका, तो फक्त मोजण्याच्या रीतीतला फरक आहे.

वाशिष्ठीकाठ

सर्व्हरवाला यांनी "एक घराबाहेर" असे एका ओळीत लिहिले आहे, त्यावर मी चार ओळी लिहितो.

आमचा चिपळुणात फोटो स्टुडिओ आहे. २२ जुलै २०२१ च्या पुरात तळमजल्यावर माझ्या डोक्याच्या वर पाणी होते. आमच्याकडे संगणक होता, त्यातील छायाचित्रांची प्रत बाह्य डिस्कवर होती आणि त्या डिस्कची प्रत आणखी एका डिस्कवर होती. तिन्ही एकाच कपाटात, मधल्या फळीवर. सोळा वर्षांची लग्ने आणि मुंजी चिखलात गेल्या. गिऱ्हाइकांकडे अल्बम होते म्हणून त्यांचे तरी काही वाचले.

आता एक डिस्क मेहुण्याकडे साताऱ्याला असते. घराबाहेर म्हणजे वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे नव्हे. त्याच नदीचे पाणी जिथे पोहोचत नाही अशा गावी.

तारजोडणी

मी नाशिकला इमारतींमध्ये नेटवर्कची वायरिंग करतो, म्हणून तिसऱ्या प्रश्नावर लिहितो. ११ हा आकडा वाचताच नॅसचा दोष नाही हे कळते.

नेटवर्कचा वेग बिटमध्ये मोजतात आणि फाइलीचा बाइटमध्ये. १०० मेगाबिटला आठाने भागले की साडेबारा येतात आणि वरचा खर्च वजा जाता ११ ते १२ एमबी हातात पडतात. म्हणजे तुमच्या लॅपटॉपपासून नॅसपर्यंतच्या वाटेत कुठेतरी १०० चाच सांधा आहे. तो गिगाबिटचा झाला की तेच नॅस ११० च्या आसपास देईल. तुमचे १.८ टीबी आज उतरवायला ४५ तास लागतील, गिगाबिटवर साडेचार.

पहिला संशय राउटरवर घ्या. इंटरनेटवाल्यांनी फुकट दिलेल्या अनेक राउटरांची मागची पोर्ट अजूनही १०० चीच असतात; इंटरनेट ५० किंवा १०० चे असले की कोणाच्या लक्षात येत नाही. राउटर बदलण्याची गरज नाही, पाच पोर्टचा साधा गिगाबिट स्विच आणून लॅपटॉप आणि नॅस दोन्ही त्यात लावा.

दुसरा संशय भिंतीतल्या वायरवर, आणि माझा अनुभव असा की दहापैकी निम्म्या घरांत चोर इथेच सापडतो. नेटवर्क केबलमध्ये आठ तारा असतात, चार जोड्या: केशरी, हिरवी, निळी, तपकिरी. १०० मेगाबिटला फक्त केशरी आणि हिरवी जोडी लागते. गिगाबिटला आठही तारा लागतात. इमारतीची वायरिंग करणारा माणूस पूर्वी एकाच केबलमधून इंटरनेट आणि टेलिफोन दोन्ही नेत असे, म्हणून निळी जोडी टेलिफोनला द्यायची आणि तपकिरी कापून टाकायची, अशी सवयच पडली. आता टेलिफोन गेला तरी सवय गेलेली नाही. कनेक्टर पारदर्शक असतो. तो उजेडात धरा आणि तारा मोजा. चारच दिसल्या तर भिंतीतील बॉक्स उघडून पाहा, उरलेल्या चार बहुधा मागे गुंडाळून ठेवलेल्या असतात. दोन्ही टोकांना नवा कनेक्टर क्रिम्प केला की काम झाले. तारांचा क्रम दोन्हीकडे सारखाच ठेवा.

विंडोजमध्ये इथरनेटच्या सेटिंगमध्ये जोडणीचा वेग लिहिलेला असतो, तिथे १००/१०० ऐवजी १०००/१००० दिसेपर्यंत प्रयत्न सोडू नका. वायफायवरून पहिला मोठा बॅकअप घेण्याच्या फंदात पडू नये; मध्येच तुटतो आणि माणूस नॅसला नावे ठेवतो.

निवृत्त लेखनिक

धागाकर्त्यांचा उत्साह समजू शकतो, परंतु एक वेगळे मत मांडावेसे वाटते. सर्व्हरवाला यांचा सल्ला नीट वाचला तर खरा बॅकअप त्या दोन बाह्य डिस्कच करत आहेत. मग मधले नॅस हवेच कशाला? मी गेली अकरा वर्षे दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पूजा झाली की दोन डिस्कवर प्रत घेतो, वहीत तारीख लिहितो, एक डिस्क कपाटात आणि एक बँकेच्या लॉकरमध्ये ठेवतो. माझी एकही फाइल गेलेली नाही. नॅस हा चोवीस तास चालणारा संगणक आहे. त्याला अपडेट लागतात, त्याचा पंखा धूळ खातो, आणि कंपनीला वाटेल तेव्हा ती सोबतची ॲप बंद करते. त्याला वीजही लागते.

सर्व्हरवाला

लेखनिक साहेब, आपल्या वहीला मनापासून नमस्कार. आपल्यासारखी शिस्त असेल तर नॅसची गरज नाही, हे मी लिहून देतो. माझी अडचण अशी की आमच्या घरात ती शिस्त कोणालाच नाही. तीन फोन आणि दोन लॅपटॉप यांची आठवण ठेवून दर महिन्याला डिस्क लावणारा माणूस एकदा आजारी पडला, एकदा परगावी गेला, की तिसऱ्या महिन्यापासून ते बंदच होते. नॅसचा खरा उपयोग एवढाच आहे की फोन घराच्या वायफायवर आला की छायाचित्रे आपोआप उतरतात आणि लॅपटॉप रात्री स्वतःहून बॅकअप घेतो. आयफोनवर मात्र ते ॲप अधूनमधून उघडावे लागते, कारण ती यंत्रणा पडद्यामागे चालणाऱ्या ॲपना फार वेळ देत नाही.

विजेचा मुद्दा मोजून पाहिला आहे: दोन डिस्कचे नॅस चालू असताना माझ्याकडे १८ वॉटच्या आसपास घेते, म्हणजे महिन्याला १३ युनिट. त्यापेक्षा वीज जाण्याची काळजी करा. पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते हे धागाकर्त्यांना वेगळे सांगायला नको. लिहिता लिहिता वीज गेली तर फाइल-व्यवस्था बिघडू शकते. घरात इन्व्हर्टर असला तरी एक छोटा यूपीएस असा घ्या की ज्याची यूएसबी केबल नॅसला लावता येते. वीज गेल्यावर पाच मिनिटांनी नॅस स्वतःहून नीट बंद होते, आणि वीज परतल्यावर आपोआप सुरू होईल असे सेटिंगही त्यात असते.

कर्वेनगरकर (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. मधल्या तीन आठवड्यांत काय घडले ते सांगतो.

तारजोडणी यांच्या सांगण्यावरून कनेक्टर खिडकीशी धरला, आणि खरोखर चारच तारा होत्या. भिंतीतील बॉक्स उघडला तर निळी आणि तपकिरी जोडी मागे वळवून चिकटपट्टीने गुंडाळलेली. कोपऱ्यावरच्या दुकानातील मुलाने दोन्ही टोके नव्याने बसवून दिली, आणि सहकाऱ्याच्या त्याच जुन्या नॅसवर वेग १०९ पर्यंत गेला. त्यानंतरच नवे नॅस घेतले: बीटीआरएफएस असलेले, दोन सीएमआर डिस्कसह, शिवाय दोन बाह्य डिस्क आणि यूपीएस.

आता दोन नव्या अडचणी आहेत. सुरक्षिततेसाठी "कुटुंब" हा फोल्डर एन्क्रिप्ट (पासवर्डशिवाय वाचता येणार नाही असा) करून घेतला. त्यात लॅपटॉपवरून प्रत घेताना "नाव फार मोठे आहे" असे सांगून ते काही फोल्डर घेतच नाही. त्यांपैकी एकाचे नाव आहे "आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या कार्यक्रमाची छायाचित्रे". चार शब्दांचे नाव मोठे कसे? विंडोजला ते दहा वर्षे चालले. दुसरे म्हणजे, मिनीडीव्हीच्या फाइली टीव्हीवर लागतच नाहीत; "हा प्रकार चालत नाही" एवढेच येते. आणि बंगळुरूला असलेल्या भावालाही हे सगळे पाहायचे आहे. त्यासाठी राउटरमध्ये पोर्ट उघडावे, म्हणजे इंटरनेटवरून नॅसपर्यंत थेट वाट करून द्यावी, असे एका चित्रफितीत दाखवले होते, ते करावे का?

श्टुटगार्टवासी

पोर्ट उघडू नका, हे सर्वांत आधी. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या खंडणीखोर व्हायरसने इंटरनेटवर उघडी असलेली घरोघरची नॅस गाठून फाइली कुलूपबंद केल्या आणि प्रत्येकाकडे ०.०३ बिटकॉइन मागितले. शिवाय तुमच्याकडे ते बहुधा चालणारही नाही, कारण भारतातील बरेच इंटरनेटवाले अनेक घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांच्या दरम्यान सुरू होत असेल तर तेच समजा. माझे आईवडील सांगलीला आहेत आणि त्यांचे नॅस मी इथून पाहतो ते टेलस्केल वापरून. ते वायरगार्ड या तंत्राने फक्त तुमच्याच यंत्रांमध्ये खाजगी बोगदा तयार करते, आणि राउटरला हात लावावा लागत नाही. भावाला फक्त वाचण्याची परवानगी असलेले वेगळे खाते द्या. पुसण्याची परवानगी प्रेमापोटीही देऊ नये.

आता नावाचा प्रश्न, जो मला फार आवडला, कारण मीही त्यात एक रविवार घालवला होता. विंडोज नावाची लांबी चिन्हांत मोजते, तर नॅसवरील लिनक्स बाइटमध्ये. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो. देवनागरी अक्षराला तीन, आणि काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त हे प्रत्येक वेगळे चिन्ह धरले जाते. "च्या" हे आपल्याला एक अक्षर दिसते, पण संगणकाला तिथे च, हलन्त, य आणि काना अशी चार चिन्हे, म्हणजे बारा बाइट दिसतात. साध्या फोल्डरमध्ये मर्यादा २५५ बाइटची असल्याने सहसा अडत नाही. तुमच्या नॅसने एन्क्रिप्शनसाठी ईक्रिप्टएफएस वापरलेले दिसते. त्यात नावही कुलूपबंद होऊन लांबते, म्हणून मूळ नावाला १४३ बाइटच उरतात. तुमच्या आजींच्या फोल्डरमध्ये मी मोजली तर देवनागरी चिन्हे ४९ निघाली, त्यांचे १४७ बाइट आणि मधल्या तीन मोकळ्या जागांचे तीन, असे १५० होतात. सात बाइटांनी आजी बाहेर राहिल्या.

नाव "आजी सहस्रचंद्रदर्शन" एवढे ठेवलेत तर आरामात बसेल. वर्ष घालणार असाल तर ध्यानात ठेवा की देवनागरी आकडेही तीन-तीन बाइटांचे असतात.

मिनीडीव्हीच्या मूळ फाइली जशा आहेत तशाच राहू द्या, त्यांना हात लावू नका. टीव्हीला तो प्रकार उलगडता येत नाही आणि तुमच्या लहान नॅसच्या प्रोसेसरकडून चालू चित्रफीत बदलून घेणे म्हणजे टांग्याच्या घोड्याला मालगाडी जुंपणे होय. लॅपटॉपवर हँडब्रेक या सॉफ्टवेअरने एकदाच एच.२६४ मध्ये एमपी४ प्रती तयार करा आणि त्या वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. तासाला दोन-तीन जीबीत भागते. तसे करताना डी-इंटरलेस हा पर्याय चालू ठेवायला विसरू नका. आपल्याकडच्या हँडीकॅममध्ये चित्र ७२० बाय ५७६ चे आणि सेकंदाला ५० अर्ध्या चौकटींचे असते, एका वेळी विषम ओळी आणि पुढच्या वेळी सम. ते तसेच ठेवले तर माणूस हलला की कडांना कंगव्याचे दात दिसतात. नॅसवर जेलीफिन हे चित्रफिती दाखवणारे सॉफ्टवेअर बसवले की टीव्हीवर त्या प्रती पोस्टरसकट दिसतील. मराठी उपशीर्षके जोडणार असाल तर ती फाइल यूटीएफ-८ या लिपी-संकेतात जतन करा, नाहीतर पडद्यावर प्रश्नचिन्हांची रांग लागते.

कर्वेनगरकर (धागाकर्ता)

नावे आखडली, आणि अडलेले सगळे फोल्डर आत गेले. २३ कॅसेटपैकी सहा बदलून झाल्या आहेत. कंगव्याचे दात पहिल्या कॅसेटमध्ये पुरेपूर पाहिले, कारण तो पर्याय लावायला मी विसरलोच होतो. काल रात्री १९९९ च्या गणपतीची फीत लावली. आरतीत वडील कॅमेरा धरून गात असल्यामुळे बाकी कोणाचाच आवाज ऐकू येत नाही, तरी आई शेवटपर्यंत उठली नाही.

सर्व्हरवाला यांनी खाजगी संदेशात सांगितल्याप्रमाणे बॅकअप परत काढूनही पाहिला. बाह्य डिस्क नॅसपासून सोडवून विंडोजच्या लॅपटॉपला लावली, तर लॅपटॉप ती फॉरमॅट करायला सांगू लागला, कारण ती लिनक्सच्या पद्धतीने भरलेली होती. उद्या नॅसच बंद पडले असते तर मी तिथेच अडलो असतो. एका जुन्या लॅपटॉपवर पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालू केल्यावर ती उघडली, आणि वेगवेगळ्या वर्षांच्या वीस फाइली उघडून पाहिल्या, त्या सर्व ठीक निघाल्या. हे कसे केले ते एका कागदावर पायरीपायरीने लिहून डिस्कच्या डब्यात घातले आहे. ॲपलच्या लॅपटॉपचा बॅकअप मात्र नऊ दिवस झालाच नव्हता, कारण बायको रोज झाकण मिटून ठेवते; आता आठवड्याहून जुना झाला की मला मेल येईल असे सेटिंग केले आहे.

दुसरी डिस्क गणपतीला बहिणीकडे नाशिकला जाईल आणि दिवाळीत तिच्याकडची परत येईल. ती एन्क्रिप्ट केली आहे. तिचा पासवर्ड फक्त माझ्याच डोक्यात होता हे बायकोने लक्षात आणून दिले, म्हणून तो कागदावर लिहून घराच्या खरेदीखताच्या पाकिटात ठेवला आहे. कुलूप आणि किल्ली एकाच पिशवीत जाऊ नयेत म्हणून तो कागद नाशिकला जाणार नाही.